चार्म कणाचे वारस

धुळ्याच्या कोर्टाबाहेर कडुनिंबाखाली बसणाऱ्या नानांना मी माझा पीएच.डी.चा प्रबंध टाइपिंगला दिला, कारण इतकं बिनचूक इंग्रजी टाइप करणारं गावात दुसरं कोणी नव्हतं. त्यांचा जन्म प्रतिज्ञापत्रं टाइप करण्यात गेलेला. उलटतपासणी घेतल्याशिवाय ते एक ओळ टाइप करत नसत, आणि तोंडात तंबाखू असल्यामुळे प्रश्न हनुवटी वर करून विचारत.

"इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या टकरीत चार्म कण किती झाले, ते मोजलंय ना? मग हा कण पाहिला कोणी?"

"कोणीच नाही, नाना. जन्मतो आणि लगेच मोडतो. मागे उरलेल्या तुकड्यांवरून ओळखायचा."

"म्हणजे वारस दाखला!" नानांना हुरूप आला आणि टाइपरायटर खडखडू लागला.

शेवटच्या तक्त्याशी तो थांबला. "बठ्ठा वारस खरा शेतस का, सर? सगळेच खरे? इथे मयताला कधी न पाहिलेलेही वारस म्हणून उभे राहतात."

माझ्याकडेही तसे होते. चार्मशी संबंध नसलेले तुकडे योगायोगाने जोडीला येतात, ते वजा करावे लागतात. या एका तक्त्यात मी ते वजा केले नव्हते. केले की चार्म कणांचा आकडा फारच खाली येत होता.

"असतील एखाद-दोन खोटे," मी पुटपुटलो.

नानांनी तक्ता पुरा केला, सवयीनं खाली सहीसाठी फुली मारली आणि पेन पुढे केलं. "वरील सर्व मजकूर खरा आहे म्हणून सही करा."

मी टोपण काढलं, परत लावलं. "नाना, हा तक्ता पुन्हा टाइप करावा लागेल."

टाइपरायटरमध्ये कोरा कागद त्यांनी आधीच चढवून ठेवला होता.