चूक अस्सल आहे का, तेवढं सांगा!

किस्से कुणी साठवत नाही, ते आपोआप साठतात. माझ्या छापखान्यात कटिंग मशीनखाली कातरणांचा ढीग होतो ना, तसे. झाडायला म्हणून वाकावं, तर एखादं मजेशीर कातरण हाती लागतं, आणि झाडू भिंतीला टेकवून आपण तेच वाचत बसतो. जव्हारच्या आमच्या चौकडीचं असंच झालंय. काम कमी आणि किस्से जास्त!

आधी काम काय ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी थापा मारतोय.

लहानपणी टीव्हीला जोडून खेळायची गेम आठवते? तिच्यात वरून खोचायची ती जाड प्लास्टिकची कॅसेट? पुण्या-बंगळुरातली मोठी पगारदार माणसं आता त्या कॅसेटी गोळा करतात. त्यातही जिच्या लेबलवर कारखान्यातच चूक झाली, म्हणजे नाव चुकलं, चित्र भलतंच लागलं, लेबल उलटं चिकटलं, ती कॅसेट म्हणजे हिरा! अट एकच. चूक अस्सल पाहिजे. घरच्या प्रिंटरवर काढून चिकटवलेली चूक चालत नाही.

मग चूक खरी की खोटी, हे ठरवणार कोण? तर आम्ही!

हेमंतचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान माझ्या भिंतीला भिंत लागून. हे वेड त्यानंच ठाण्याहून आणलं. तो कॅसेट उघडून आतलं सर्किट बघतो. मी लग्नपत्रिका छापणारा माणूस, म्हणून माझ्याकडे कागद आणि छपाई. भिंगातून पाहिलं की मशीनचे ठिपके वेगळे दिसतात आणि घरच्या प्रिंटरचा फवारा वेगळा दिसतो. भोयेभाऊ जव्हार-मोखाडा जीप चालवतात. पार्सलं तेच आणतात, शिवाय लहानपणी सगळ्या गेमा खेळून झाल्यात त्यांच्या. आणि चौथ्या सुनंदा सिस्टर, दवाखान्यात नर्स. लेबल वयानं पिवळं पडलंय की चहात बुडवून, हे त्या नुसत्या वासावरून सांगतात.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव ‘चूकभूल द्यावी घ्यावी’.

हेमंतनं पहिल्यांदा हे सगळं समजावून सांगितलं, तेव्हा सिस्टरनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, “कमाल आहे! आमच्याकडे चूक झाली की चौकशी लागते. यांच्याकडे चूक झाली की भाव लागतो!”

* * *

एकदा पुण्याचे एक साहेब स्वतः गाडी घेऊन आले. मखमलीच्या डबीत कॅसेट. लेबल उलटं चिकटलेलं, चित्रातलं विमान खाली डोकं वर पाय. “कुरिअरनं पाठवायचा धीर झाला नाही. माझ्यासमोरच तपासा,” म्हणाले.

पण येताना डबी गाडीच्या काचेपुढे ठेवलेली. मे महिन्यातलं ऊन! डबी उघडली तर लेबलचा एक कोपरा सुटून वर आलेला. साहेबांचा चेहरा उतरला. मी चिमटा घेऊन कोपरा हलकेच दाबायला गेलो, तर लेबल अख्खं माझ्या हातात!

आणि खाली दुसरं लेबल. सुलटं. त्यावर मासे.

सिस्टर म्हणाल्या, “थांबा, याचाही कोपरा सुटलाय.” तेही निघालं. खाली तिसरं. त्यावर फुटबॉल.

साहेब खुर्चीत बसले. हेमंतनं कॅसेट मशीनमध्ये खोचली, टीव्ही लावला. पडद्यावर रणगाडे!

भोयेभाऊंनी साहेबांच्या पाठीवर हात ठेवला.

“साहेब, ही कॅसेट नाय. हा कांदा हाय!”

एक मात्र सांगतो, साहेब दिलदार. इतके हसले, इतके हसले, की खरंच कांदा कापल्यासारखं डोळ्यांतून पाणी आलं.

* * *

चूक एकट्या कॅसेटवर असली की शंका येते. तीच चूक दुसऱ्या कॅसेटवर सापडली की आम्ही म्हणतो, म्हणजे कारखान्यातली अख्खी बॅचच चुकली. मग चूक अस्सल.

हा नियम हेमंतनं कुठल्याशा ग्रुपवर कौतुकानं लिहून टाकला. झालं! चारच दिवसांत ठाण्याहून एकाचा मेसेज. “नावात एक अक्षर जास्त आहे. पुरावा म्हणून दुसऱ्या कॅसेटचा फोटोही पाठवतोय. माझ्या मावसभावाकडची आहे.”

दोन्ही फोटो स्वच्छ. दोन्हीकडे तेच जास्तीचं अक्षर. हेमंत तर ‘अस्सल’ लिहायलाच बसला होता. पण सिस्टरनी मोबाइल ओढून घेतला, चष्मा वर केला, एक फोटो बघितला, दुसरा बघितला, आणि थेट त्या माणसाला फोनच लावला.

“दादा, चूक बॅचची असते हे मान्य. पण चहाचा डाग पण बॅचचाच का हो?”

दोन्ही लेबलांवर उजव्या कोपऱ्यात, कपाच्या बुडाचा तोच अर्धा चंद्र!

पलीकडून आवाज आला, “मावसभावाला विचारून सांगतो.”

अजून विचारतोच आहे.

* * *

एवढ्या कॅसेटी बघून भोयेभाऊंनी एक शास्त्र बनवलंय. ते म्हणतात, “खोटी चूक देखणी असते. खरी चूक बावळट असते.”

खोटी चूक करणारा माणूस जपून चुकतो. बाकी सगळं झकास आणि एकच अक्षर उलटं, बरोब्बर मधोमध, लांबून दिसेल असं. नवरीच्या गालावरच्या तिटासारखं. खरी चूक करणाऱ्याला आपण चुकतोय हेच ठाऊक नसतं. तो मन लावून चुकतो!

बंगळुरूच्या एका मॅडमनी पाठवलेली कॅसेट तशी होती. पुढच्या बाजूला कुंग-फूवाले. मागच्या बाजूला, जिथं गेम कशी खेळायची ते लिहितात, तिथं इंग्रजीत छापलेलं : थंड पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, उलट बाजूनं इस्त्री करा.

मॅडमना तज्ज्ञांनी सांगितलं होतं, कुणीतरी चेष्टा केलीय. मी भिंग लावलं. ठिपके मशीनचे, कागद पुढच्याच लेबलचा, कापही तोच. कुठल्याशा प्रेसमध्ये शर्टांची लेबलं आणि कॅसेटींची लेबलं शेजारीशेजारी निघत असणार, एवढंच. मॅडमना पटेना. “असं कसं होईल?” म्हणाल्या. मी म्हटलं, “मॅडम, एका प्रेसमधून आलेल्या वास्तुशांतीच्या पत्रिकेत ‘वधूपक्षाकडून आहेराचा स्वीकार नाही’ असं मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंय.”

भोयेभाऊंना विचारलं, तुमचं काय मत? त्यांनी कॅसेट हातात फिरवली.

“अस्सल हाय. खोटा करणारा एवढा गाढव नसतो!”

मॅडमनी ती काचेच्या कपाटात ठेवलीय. सावलीत.

* * *

भोयेभाऊंचाच अजून एक. कॅसेटवर लेबल एका गेमचं आणि आत दुसरीच गेम, असं असलं की ती थोडी तरी खेळून बघावी लागते. भोयेभाऊंची जीप भरली होती, मोखाड्याला निघायचं होतं. “जरा बघून येतो,” म्हणून ते आत आले.

गेम निघाली बदकं मारायची. पहिला टप्पा झाला. दुसरा झाला. बाहेरून हाक आली. “आलो, आलो!” तिसरा सुरू. पुढच्या सीटवरचे दोघे काय झालं ते बघायला आले आणि तेही मागं उभे राहिले. “भाऊ, डावीकडं! डावीकडं!” मग मागच्या सीटवरचे आले. माझ्या छापखान्यात पाय ठेवायला जागा नाही!

शेवटी पोशेऱ्याची एक म्हातारी गर्दी सारत आत आली. काखेत जिवंत कोंबडी. तिनं टीव्हीकडं बघितलं, भोयेभाऊंकडं बघितलं.

“कवाधरनं मारतोस रं. एक तरी पडली का?”

“पडल्या की आजी! पुष्कळ!”

“मंग जमव सगळ्या नि चल. वाटंत वाटून घेऊ!”

* * *

हेमंतचं लग्न जमण्याची गोष्ट तर आमच्या डोळ्यांपुढची. मुलीकडची माणसं जामसरची. बघण्याच्या कार्यक्रमाला हेमंतचे वडील आम्हा तिघांनाही घेऊन गेले. पोहे झाले, आणि मुलीच्या मामांनी विचारलं, “मुलगा नक्की काय करतो?”

हेमंतच्या वडिलांना मोबाइल रिपेअरिंग जरा हलकं वाटतं. ते छाती काढून म्हणाले, “चुका तपासतो!”

मामा सावरून बसले. “म्हणजे शिक्षक?”

“नाही.”

“ऑडिटमध्ये?”

“नाही, नाही. गेमच्या कॅसेटच्या चुका.”

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. मुलीच्या वडिलांनी खिडकीबाहेर बघितलं. मला वाटलं, संपलं! हेमंत घामाघूम. बिचाऱ्याचं याआधी दोन ठिकाणी असंच मोडलं होतं. सिस्टर काहीतरी सावरून घ्यायला तोंड उघडणार, इतक्यात मुलगीच बोलली. रेश्मा तिचं नाव.

“चूक खरी निघाली तर काय करता?”

हेमंत चाचरत म्हणाला, “खरी निघाली तर... किंमत वाढते. ती दुरुस्त नाही करायची. तशीच जपायची.”

रेश्मानं मामांकडं वळून सांगितलं, “मला चालेल. माझ्यात पुष्कळ आहेत!”

लग्नपत्रिका अर्थातच मी छापली. हेमंतनं बजावलं होतं, “काका, एक तरी चूक ठेवा!” मी ठेवली नाही. तरी रेश्मानं दोन काढून दाखवल्या.

* * *

आता सूर्यमाळच्या काशिनाथची गोष्ट.

काशिनाथ नाचणी आणि भात करणारा माणूस. आमच्याबद्दल कुठूनतरी ऐकून फडक्यात गुंडाळलेली एक कॅसेट घेऊन आला. तिच्यावर वहीचा चौकोनी कागद चिकटवलेला आणि त्यावर बॉलपेननं मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलेलं : विमानची गेम.

“माझ्या दादानं आणली, गोविंदनं,” काशिनाथ म्हणाला. “भिवंडीकडं वीटभट्टीवर जायचा तवा. मी पहिलीत असन. वर नाव पण त्यानंच लिवला. त्याच्यावरच मी ‘व’ वाचाय शिकलो.”

चिठ्ठी भाताच्या शितांनी चिकटवली होती, आणि एका बाजूनं खालचं मूळ लेबल दिसत होतं. हेमंतनं कॅसेट उजेडात धरली आणि ओरडलाच. “काका, हे बघा!” खालचं अख्खं लेबल आरशात बघितल्यासारखं छापलेलं. नाव, चित्र, सगळं उलट्या बाजूनं! भिंग लावलं, आत उघडून बघितलं, सिस्टरनी वास घेतला. शंकाच नको. आमच्या हातून गेलेल्यांत याच्यासारखी अस्सल चूक नव्हती. फोटो टाकल्याबरोबर बंगळुरूहून फोन सुरू झाले.

फक्त लेबल पूर्ण दिसायला वरची चिठ्ठी काढावी लागणार. कागद जुना, चुरा व्हायला आलेला. निघाली असती ती तुकडे तुकडे होऊनच.

काशिनाथनं कॅसेट परत फडक्यात गुंडाळली. “नाय जमायचं. चूक राहू द्या खाली. वर माझ्या दादाचा अक्षर हाय.”

भोयेभाऊंनी त्याला जीपनं घरापर्यंत सोडलं.

शिमग्याला गोविंद गावी आला. त्याच्या कानावर गेलंच असणार. एका दुपारी तो एकटाच माझ्या दुकानात हजर. हातात तीच कॅसेट. पांढऱ्या होत आलेल्या मिशा, भट्टीत रापलेले हात.

“शेट, चिठ्ठी काढून टाका. इकून टाका ती. आमच्या काशाला हिरीवर पंप बसवायचाय. उन्हाळ्यात बायका पाण्यासाठी लय लांब जातात. आणि हा बसलाय चिठ्ठी धरून!”

मी म्हटलं, “अहो, तो तयार नाही. तुमचं अक्षर आहे म्हणतो.”

गोविंद हसायला लागला. “माझा? मी शाळंत गेलोय कुठं! मला आजून सही येत नाय, आंगठा लावतो.”

“मग हे कुणी लिहिलं?”

“त्यानंच! पाटी-पेन्शिल नवी नवी होती त्याची. मला बोलला, दादा, वर नाव लिव. आता मी काय लिवनार? मी त्याच्या हातात पेन दिला, वरून त्याचा हात धरला, नि बोललो, लिव... इमानची गेम.” गोविंदनं कॅसेट उलटीसुलटी केली. “त्याच्या ध्यानात नाय ऱ्हायला. बारका होता.”

मी म्हटलं, “मग काय अडचणच नाही. त्याला खरं सांगू. त्याचंच अक्षर आहे म्हटल्यावर तो लगेच हो म्हणेल. काढू चिठ्ठी?”

मी चिमटा उचलला. गोविंद त्या वाकड्या अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिला. मग त्यानं कॅसेट हळूच माझ्यापुढून मागं ओढली.

“ऱ्हाऊ द्या, शेट. आख्ख्या जन्मात मी तेवढा एकच लिवलाय!”