तोंड फिरवून खोकणारा

माझा धाकटा भाऊ चपलाबुटांच्या दुकानात होता. मालक नव्हे, गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून मोजपट्टीवर टाच टेकवून घेणारा आणि बूट चढवून देणारा. घरात आम्ही त्याला बारकू म्हणायचो, आणि साठी उलटली तरी म्हणतो.

लहानपणी त्याला डांग्या खोकला झाला. डाव्या फुप्फुसातल्या खालच्या श्वासनलिका त्याने कायमच्या सैल करून ठेवल्या. मोज्याचं इलॅस्टिक जातं ना, तशा. अशा नळ्यांतून कफ वर येत नाही, तिथेच साचतो. वाकलं की मात्र उसळतो. आणि या शहाण्याने जन्मभराचा धंदा निवडला तो वाकायचा.

पायाशी डोकं खाली गेलं की खोकला यायचा. बारकू तोंड फिरवायचा, "आठ नंबर आणतो" म्हणायचा आणि गोदामात पळायचा. तिथे खोक्यांच्या रांगेआड त्याचा थुंकायचा झाकणाचा डबा असे. गिऱ्हाइकाचा पाय सहा नंबरचा असला तरी हा आठ घेऊन परत. मालक चिडवायचे, "अहो, तुमचे सगळे आठ नंबरवालेच कसे?" हा हसून वेळ मारून न्यायचा. खोकला ऐकला की लोकांना क्षय आठवणार आणि ते पाय मागे घेणार, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. क्षय नव्हता, तपासून झालं होतं. "पण तो रिपोर्ट काही मी खिशाला लावून फिरू शकत नाही, ताई," असं म्हणायचा.

सकाळी त्याने पलंगाच्या कडेवरून डोकं खाली सोडून पडायचं आणि बायकोने ओंजळीच्या हाताने पाठीवर थापट्या मारायच्या, म्हणजे कफ सुटतो. डॉक्टरांनीच शिकवलं होतं. हे सगळं चाले खिडक्या लावून, रेडिओ मोठा करून. एकदा मी न कळवता पोचले. भावजयीने दार जेमतेम उघडलं. "वन्सं, थांबा हं जरा, हे आंघोळ करतायत."

"आंघोळ करतोय की बुडतोय?" मी विचारलं.

एक दिवस शाळेचे बूट घ्यायला आलेल्या मुलीपुढे तो वाकला आणि तोंडात गरम, खारट काहीतरी आलं. रक्त. त्याने ते गिळलं, मुलीची लेस नीट बांधली, मग गोदामात जाऊन भिंतीला टेकून बसला. मालकांनीच गाडीत घालून हॉस्पिटलात आणलं.

तिथली डॉक्टर तरुण होती, आणि तिचं संशोधन याच विषयावर होतं. तिने मला कागदावर काढून दाखवलं. श्वासनलिकांच्या भिंतींना पोसायला वेगळ्या बारीक धमन्या असतात. वर्षानुवर्षं सूज राहिली की त्या जाड होतात, वेड्यावाकड्या वाढतात, आणि एखादी फुटते.

"मग बुजवा की ती," मी म्हटलं.

"बुजवता येते. जांघेतून नळी सरकवत तिथवर जायचं आणि बारीक कण सोडायचे. पण पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला जाणारी फांदी कधीकधी तिथूनच निघते. ती बुजली तर पाय जाऊ शकतात. म्हणून रक्त थोडं असेल तर आम्ही औषधांवर थांबतो. जास्त असेल तर थांबण्यात जिवाला धोका."

थोडं की जास्त, ते ठरणार होतं एका पारदर्शक बरणीवरून. खोकून येईल ते सगळं त्यात टाकायचं. बरणी खाटेशेजारच्या टेबलावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. मालक भेटायला येऊन तिच्याच बाजूला खुर्ची घेऊन बसत. बरणीच्या तळाशी जेमतेम गुलाबी डाग दिसे. डॉक्टर म्हणाली, "छान आहे, उद्या घरी जा." मीही खूश. भावजय मात्र पदराचं टोक पिळत बसली होती.

दुसऱ्या दिवशी नर्सने खाटेखालचं भांडं उचललं आणि थबकली. "शौचाला डांबरासारखी काळी झालीय. पोटात दुखतंय?"

बारकूने नकारार्थी मान हलवली. डॉक्टर धावत आली. पोटातून रक्त जातंय असं तिला वाटलं; पोटाच्या डॉक्टरांना बोलवायचं, तोंडातून दुर्बीण घालायची, असं सुरू झालं. बारकू चादरीच्या कडेला बारीक घड्या घालत होता.

"अहो, सांगा," भावजय म्हणाली. "नाहीतर मी सांगते."

"ताई, तू बाहेर जा ना."

"मुळीच जाणार नाही. बोल."

"मी गिळलं," तो पुटपुटला.

"काय गिळलं?" डॉक्टर वाकली.

"खोकल्यातून आलं ते. सगळं. लोक समोर बसलेले असतात हो. त्यांच्यासमोर बरणीत काय थुंकू?"

शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "अहो, मी अख्ख्या वॉर्डासमोर घोरतो. मला लाज वाटते का?"

"किती गिळलंत?" डॉक्टरने विचारलं.

"तोंड भरून यायचं. पुष्कळदा."

डॉक्टरचा चेहराच उतरला. "मी बरणी बघत राहिले. तुम्हाला विचारलंच नाही," ती म्हणाली आणि फोन करायला पळाली.

मालक दारातच उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. "हे लागण होणारं तर नाही ना?" त्यांनी नर्सला विचारलं आणि एक पाऊल मागे सरकले. नर्स नाही म्हणाली, पण बारकूने ते पाऊल पाहिलं होतं. त्याने चादर तोंडावर ओढून घेतली. धमनी बुजवायला नेतानाही काढली नाही.

धमनी बुजली. पाय शाबूत राहिले. सैल नळ्या तशाच आहेत, त्यामुळे खोकलाही आहे.

घरी सोडताना डॉक्टर एक कागद घेऊन आली. त्याची हकीकत तिच्या संशोधनात घ्यायची होती, म्हणून परवानगी हवी होती.

"नाव नको," बारकू म्हणाला. "दुकानाचंही नको."

"कुणाचंच नसतं. फक्त छातीचे फोटो आणि तपासण्या."

"आणि गिळलं ते?"

"तुम्ही नको म्हणालात तर नाही लिहिणार."

तो स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला.

"लिहा," तो शेवटी म्हणाला. "पुढच्या माणसाला आधी विचारा, की बाबा, गिळतोस का."

सही करताना त्याने कागदावर डाव्या हाताचा आडोसा धरला होता, परीक्षेत मुलं उत्तर झाकतात तसा.