मासाळ सरांची जहाजं

मासाळ सर गेल्याचं मला मुख्याध्यापकांनी फोनवर कळवलं, आणि त्याच फोनमध्ये हेही सांगितलं की शोकसभेत बोलताना ते जहाजांचं तेवढं टाळा. माणूस जाऊन चार तासही झाले नव्हते. मी टाळलं. शिस्त, वक्तशीरपणा, साधी राहणी... सगळं ठरल्यासारखं बोलले, लोकांनी माना डोलावल्या. त्याला आता सव्वा महिना झाला. जे तिथं गिळलं ते इथं लिहिते आहे. कुणाला रुचणार नसेल तर माझा नाइलाज आहे.

सांगलीजवळच्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे, मी इतिहास. ते दुष्काळी माण तालुक्यातले, धनगराच्या घरातले. लहानपण मेंढरांमागं गेलेलं. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो शिक्षक झाल्यावर, शाळेच्या सहलीत. मुलं पाण्यात धावली आणि हे वाळूत उभेच. मला म्हणाले, "बाई, ह्याला कुंपानच न्हाई की." तिथून त्यांच्या डोक्यात जहाजं शिरली ती कायमची. अरब आणि चिनी जहाजं आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जात होती, हे इतिहासालाही मान्य आहे. मग गोरे लोक अमेरिकेत पोहोचण्याआधी यांतलंच एखादं तिकडं लागलं नसेल कशावरून, हा त्यांचा प्रश्न. चारा संपला म्हणून कळप बांधाशी थांबत नाही, हे त्यांनी पायांनी शिकलेलं होतं.

एके दिवशी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी माझ्यापुढं मक्याचं कणीस ठेवलं. "नाव बघा, बाई. मक्केवरनं आला म्हणून मका. मंजी अरबांनी आणला. आन मका तर मूळचा अमेरिकेचा. आता बोला." मला हसू आवरेना. म्हटलं, सर, मग विलायती चिंच काय विलायतेत पिकते? तीही अमेरिकेचीच. माल ज्या वाटेनं आला असं लोकांना वाटतं, तिचं नाव त्याला चिकटतं. तिकडं पहिला कोण पोहोचला, ते नावावरून कसं कळणार? सर बराच वेळ कणसाचे दाणे चाचपत बसले. "लय जोरात हाणलं, बाई," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात त्यांनी फळ्यावर स्वतःच 'मका' लिहिलं, त्यावर काट मारली आणि मुलांना सांगितलं की हा पुरावा माझा चुकला. असं करणारा दुसरा शिक्षक मी पाहिला नाही, आणि त्यात मी स्वतःलाही धरते. मधल्या सुट्टीत मात्र मला गाठून म्हणाले, "शब्द बुडाला. जहाज अजून हाय."

मग एका पालकाची तक्रार आली, की हे मास्तर मुसलमानांचं कौतुक शिकवतात. चिन्यांबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती, हे लक्षात घ्या. मेंढरामागचा माणूस, त्याला दर्या काय कळतो, असंही खुसुखुसु हसत बोललं गेलं. त्यांच्या पुराव्यावर हसणं माझं कामच होतं. बाकीचे पुराव्यावर हसत नव्हते. संस्थेनं सरांना माफी मागायला सांगितली आणि मला, इतिहासाची शिक्षिका म्हणून, एक ओळ लिहून द्यायला: सदर विधानास पुरावा नाही. ओळ खरी होती. ती कशासाठी हवी आहे, हेही मला ठाऊक होतं. मी सही केली. सरांनी लिहून दिलं, 'पुरावा अपुरा आहे हे मान्य. माफी कशाबद्दल मागायची ते कळवावे.' ते काही कुणी कळवलं नाही, पण सर निवृत्त होईपर्यंत पर्यवेक्षकसुद्धा झाले नाहीत. माझ्याशी त्यांनी बोलणं सोडलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुमी खरं तेच लिवलं, बाई." ते मला अजून टोचतं.

गेल्या आठवड्यात मी एसटीनं त्यांच्या गावी गेले. सरांच्या पत्नीनं, वहिनींनी, चहा ठेवायच्या आधीच विचारलं, "सभेत त्यांच्या जहाजांचं बोलला न्हवं?"

मी नाही म्हणाले.

"मग कुणाचं बोलला?"

त्यांनी मला सरांच्या खोलीत नेलं. भिंतीवर जगाचा मोठा नकाशा, आणि त्यावर सरांनी आखलेल्या जहाजांच्या वाटा. सगळ्या शिसपेन्सिलीच्या. जिथं शंका तिथं रेघ तुटक, आणि कितीतरी ठिकाणी खोडून खोडून कागद विरलेला. शाळेला हा नकाशा हवा आहे, सरांची आठवण म्हणून वाचनालयात लावायला. मात्र 'स्वच्छ करून' द्यावा, असं पत्र आलंय. वहिनींनी ते पत्र आणि एक कोरा कागद माझ्यापुढं ठेवला. "काय लिवायचं ते तुमी लिवा. मला येवढंच कळतंय, खोडायचं त्ये त्यांनी हातानं खोडलंय. ऱ्हायलंय त्ये ऱ्हाऊ दे."

मी लिहिलं: सदर रेघांना पुरावा नाही. त्या खोडू नयेत. नकाशा हवा असेल तर रेघांसकट न्यावा.

वहिनींनी ते मोठ्यानं वाचायला लावलं. मग माझ्या हातातलं पेन घेऊन आधी स्वतःची सही केली, सावकाश, एकेक अक्षर जोडत, आणि कागद माझ्याकडं सरकवला.

"आता तुमची," म्हणाल्या.

मी सही केली.