चिमटा न बनवणारी आक्का

आक्का आज सकाळी गेली.

रडणारे घरात भरपूर आहेत. मला तिच्या कारखान्याबद्दल लिहायचं आहे.

कारखाना म्हणजे जालन्याच्या एमआयडीसीत पत्र्याची एक शेड, एक जुना पॉवर प्रेस आणि वेल्डिंगचं मशीन. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. माझी थोरली बहीण आक्का आणि तिचे यजमान, आमचे दाजी, तिथे सायकलचे पार्ट बनवायचे.

आक्काला सायकल चालवता येत नव्हती.

मी बीकॉम होऊन नुकतीच नोकरीला लागले होते. रविवारी शेडवर जायचे. त्यामुळे पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

दाजींनी आधी घंट्या बनवल्या. चकचकीत, आवाज गोड.

एकही दुकानदार दुसऱ्यांदा मागायला आला नाही.

आक्का मंठ्याच्या बाजाराला गेली आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या सायकली बघत बसली. परत आली ती थेट शेडवर.

"खेड्यात घंटी कोण वाजवून राह्यलंय? समोर माणूस दिसला की 'ओ मामा, सरका' म्हणतात. झालं काम."

दाजी वैतागले. "मंग काय मामा बनवू?"

"कॅरिअर बनवा. लोक त्याच्यावर कडबा बांधतात, दुधाचे कॅन बांधतात, बायकोला बसवतात. निम्म्या सायकलींचे कॅरिअर वाकलेले, तारा गुंडाळलेले. पंजाबचा माल भाडं वाचवायला हलका केलेला. आन् कॅरिअर म्हंजे अर्धी हवाच असते. ट्रकातून हवा आणायचं भाडं त्यांना पडतं. आपल्याला कुठं पडतं?"

कॅरिअरला लागणारी लोखंडी सळई तर जालन्यातच तयार होत होती.

मी कॉलेजात पुढे अनेक वर्षं वाणिज्य शिकवलं. लहान कारखानदाराने काय बनवावं, हे यापेक्षा कमी शब्दांत मलाही कधी सांगता आलं नाही.

माल निघायच्या आधी तपासणी व्हायची. त्या लॉटमधला एक कॅरिअर उचलायचा, सायकलला बसवायचा आणि दोघांनी सायकल धरायची. मग आक्का पदर खोचून त्याच्यावर बसायची. ती अंगाने चांगली भरदार होती. बसून दोन-तीन गचके द्यायची.

वाकला तर अख्खा लॉट परत वेल्डिंगला.

दुकानदार माल घेताना विचारायचे, "वहिनी बसल्या का?"

ती हसायची नाही. "बसले. न्या."

नंतर सायकलचे स्टँडही सुरू केले. तेसुद्धा असेच, सायकल उभी करून वर ही बसायची.

नव्वदच्या आसपास औरंगाबादचा एक होलसेलवाला आला. आमचे बरेचसे कॅरिअर तोच उचलायचा. त्याने पेपरात गुंडाळलेलं सॅम्पल टेबलावर ठेवलं. चिमटा. सायकलचं पुढचं चाक ज्याच्यात बसतं तो.

"कॅरिअर कोणबी वेल्डर बनवतो, शेठ. चिमटा बनवा. मंग लोक तुम्हाला कंपनी म्हणतील."

दाजींचा चेहरा मला अजून आठवतो. या माणसाला आयुष्यभर हेच ऐकायचं होतं. नवं मशीन शेडमध्ये कुठे बसेल हे त्यांची नजर तिथल्या तिथे मोजायला लागली.

आक्काने चिमटा हातात घेतला, उलटापालटा केला.

"हा मोडत न्हाई हे कसं बघायचं?"

"मोडत न्हाई, वहिनी."

"कशावरून?"

"कोणाची तक्रार न्हाई आली आजवर."

"ज्याचा मोडला तो तक्रार करायच्या हालतीत राह्यतो का?"

दाजी मध्ये पडले. "कॅरिअरवर तू बसतीस ना? तसंच याच्यावर बस."

"बसले तर आज न्हाई मोडणार. दोन वर्षं खड्ड्यातून फिरला, मंग मोडला तर? ते आज बसून कसं कळंल? तपासायची मशीन घ्या, मंग बनवा."

मशीनची किंमत आमच्या सगळ्या शेडपेक्षा जास्त होती. होलसेलवाला म्हणाला, "इतका खर्चा कशाला? बाकीचे कुठं तपासून राह्यलेत?"

आक्काने चिमटा पुन्हा पेपरात गुंडाळला आणि त्याच्यापुढे सरकवला. "चहा घेऊन जा," म्हणाली.

तो गेल्यावर दाजी पहिल्यांदा तिच्यावर ओरडले.

"कॅरिअर नसला तरी सायकल चालते. जिंदगीत एकदा तरी असा माल बनवायचा होता मला, ज्याच्याबिगर सायकलच होत न्हाई."

"म्हणूनच न्हाई," आक्का म्हणाली. "त्याच्याबिगर सायकल होत न्हाई, तर तो मोडल्यावर माणसाचं काय होईल?"

होलसेलवाला रागावला. कॅरिअर घेणंही बंद केलं. दोन कारागीर कमी करावे लागले. त्यांच्या जागी आक्का स्वतः कॅरिअर बुडवायच्या काळ्या रंगाच्या टाकीवर उभी राहायला लागली. पाव्हण्यांच्या लग्नात तिची काळी नखं बघून बाया टोमणे मारायच्या. दाजी तर कितीतरी महिने तिच्याशी कामापुरतंच बोलायचे.

मग वडीगोद्री, अंबड, भोकरदन, एकेक दुकान तिने स्वतः एसटीने फिरून जोडलं.

काही वर्षांनी तो होलसेलवाला पुन्हा आला. चिमटे त्याने दुसरीकडून बनवून घेतले होते आणि ते चांगले खपत होते.

"काय वहिनी, मेलं का कोणी?"

मला वाटलं, आता ही चिडणार.

"न्हाई मेलं. बरं झालं," ती म्हणाली. "कॅरिअर किती देऊ?"

त्याने पुन्हा कॅरिअर घ्यायला सुरुवात केली.

मोटारसायकली आल्या, सायकली कमी झाल्या, तेव्हा दोघांनी शेड बंद केली. कुणाचं देणं न ठेवता, कुणाला दोष न देता.

आज दुपारी स्मशानात एका तरुण नातेवाइकाने दाजींना विचारलं, "तुमच्या कारखान्यात काय बनत होतं?"

दाजी आता थकलेत. कानाला कमी ऐकू येतं. पण हे त्यांना बरोबर ऐकू आलं.

"कॅरिअर आन् स्टँड," ते म्हणाले. "चिमट्याची ऑर्डर आल्ती. आम्ही न्हाई घेतली."

त्यांनी 'आम्ही' म्हटलं. मान ताठ होती.

आक्का, तुझ्या धाकट्या बहिणीचा तुला मनापासून नमस्कार.