दोन पट्ट्या वर

“थांबा थांबा. माझंच काही चुकलं असंल.”

गाणारा चुकला की तो हे म्हणायचा. अगदी ठार बेसूर माणूस समोर उभा असला तरी. हेडफोन कानावरून गळ्यात सरकवायचा, पुढे वाकून कीबोर्डवरची दोन-चार बटणं तपासायचा आणि म्हणायचा, “हां, आता घ्या. माझ्याकडंच गडबड होती.” गाणाऱ्याच्या जिवात जीव यायचा आणि दुसऱ्या खेपेला तो बहुधा बरा गायचा. गारखेड्याच्या त्याच्या स्टुडिओत येणारे लोक म्हणत, काय नम्र माणूस आहे! ही नम्रता कुठून आली ते दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातला एक मी.

त्याचं नाव सांगत नाही. तुमच्यापैकी कुणी आमच्या शहरात राहिलं असेल, तर त्याने बसवलेलं गाणं तुम्ही लग्नाच्या मांडवात, जयंतीच्या मिरवणुकीत, नाहीतर निवडणुकीच्या रिक्षावर ऐकलेलंच आहे. रिक्षावरचं ऐकून शिव्याही घातल्या असतील. त्याने स्वतःच घातल्या होत्या.

माझं औरंगपुऱ्यात दुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओ, टेप, अ‍ॅम्प्लिफायर, जे बोलायचं बंद होईल ते माझ्याकडे येतं. तो पहिल्यांदा आला तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. मानेवर रुळणारे केस, भर मे महिन्यात काळा शर्ट आणि बगलेत चादरीत गुंडाळलेला कीबोर्ड.

“भाऊ, चार सूर वाजत नायत,” तो म्हणाला.

मी विचारलं, “काय वाजवता?”

“रॉक.” हे त्याने असं सांगितलं, की जणू मी आता उठून उभं राहायला हवं होतं.

कीबोर्ड उघडला तर आत झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या, अक्षता आणि चिमूटभर बुक्का. मी त्याच्याकडे बघितलं. “रॉक ना?”

“व्हय.”

“मग हा बुक्का कुठला?”

गडी कानापर्यंत लाल झाला. मग हळूच सांगितलं. घर बिडकीनचं, शेती बरी. बापाने कीबोर्ड घेऊन दिला तो एका अटीवर. दर एकादशीला गावी यायचं आणि देवळात भजनाला साथ करायची. हा दर पंधरा दिवसांनी केस टोपीत कोंबून एसटीने कीबोर्ड घेऊन जायचा, म्हाताऱ्यांच्या मध्ये मांडी घालून बसायचा आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन रॉकवाला व्हायचा.

“बँडमधल्या पोरांना सांगू नका, भाऊ. लई हसतील.”

मी सांगितलं नाही. दुरुस्तीवाल्याचा एक नियम असतो. यंत्राच्या आत जे दिसलं ते गल्ल्याच्या बाहेर न्यायचं नाही. या नियमाचा मला तेव्हा अभिमान होता. पुढे तो मलाच फार महाग पडला.

बँडमध्ये गिटारवाले दोघं, ड्रमवाला एक, आणि गायला वाहिद. वाहिद शहागंजचा. त्याच्या वडिलांचं चपलांचं दुकान होतं आणि दुकानामागच्या गोदामात, चपलांच्या खोक्यांच्या मध्ये, यांची तालीम चाले. माझ्या दुकानात आजवर हजार आवाज तपासून गेले असतील, पण वाहिदसारखा आवाज मी ऐकला नाही. वर चढताना लोकांचा आवाज पातळ होतो, त्याचा भरत जायचा. आमचा कीबोर्डवाला त्याच्यासाठीच गाणी करायचा. “मी नुसता रस्ता करतो भाऊ, चालतो तो,” असं म्हणायचा. दोघांची दोस्ती अशी, की एकाला ताप आला की दुसरा खोकायचा.

मग ती स्पर्धा आली. कॉलेजांच्या बँडची. मुंबईहून एका कॅसेट कंपनीचा माणूस परीक्षक म्हणून येणार होता आणि जिंकेल त्याचं गाणं ती कंपनी रेकॉर्ड करणार होती. पोरांनी महिनाभर दुसरं काही केलं नाही. स्पीकरची व्यवस्था माझ्याकडे होती, म्हणून मीही स्टेजच्या बाजूला अ‍ॅम्प्लिफायर सांभाळत बसलो होतो.

यांच्या गाण्याची सुरुवात फक्त कीबोर्ड आणि वाहिद अशी होती. एक कडवं झालं की बाकीचे शिरणार. वाहिदने सुरुवात केली, पण आज तो ओढूनताणून गातोय असं मला वाटलं. कडवं संपलं, गिटारी शिरल्या, आणि सगळं विस्कटलं. गिटारी एकीकडे, कीबोर्ड दुसरीकडे. वाहिद मधल्या मध्ये कधी इकडे धरायचा, कधी तिकडे. गच्च भरलेलं मैदान आधी कुजबुजलं, मग हसलं. वरचा सूर घ्यायची वेळ आली आणि त्याचा आवाज चरचरून फाटला.

आणि त्याच वेळी आमचा हा माणूस, कीबोर्डच्या मागून, समोरच्या माइकमध्ये ओरडला, “वाहिद, सूर!”

सगळ्या मैदानाने ऐकलं. शिट्ट्या सुरू झाल्या. वाहिदने माइक स्टँडला नीट अडकवला, घाई न करता, आणि तो पायऱ्या उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर हा कीबोर्ड घेऊन दारातच उभा. “भाऊ, हे बघा जरा. काल यानं काहीतरी घोळ केलाय.” मी कीबोर्ड चालू केला. घोळ वगैरे काही नव्हता. कीबोर्डवर एक बटण असतं. ते दाबलं की बोटं जिथल्या तिथं ठेवून सगळा सूर वर किंवा खाली सरकवता येतो. त्याच्या छोट्या पडद्यावर स्पष्ट दिसत होतं: दोन पट्ट्या वर. त्याचा कीबोर्ड बंद केला तरी हे लक्षात ठेवणारा होता.

“परवा एकादशी होती,” मी म्हणालो.

तो स्टुलावर बसला. गावातले म्हातारे उंच पट्टीत गातात, त्यांच्यासाठी त्याने सूर वर नेला होता. खाली आणायचा राहिला. गिटारवाल्यांचं चुकलं नव्हतं. वाहिदचं तर नव्हतंच. कीबोर्डने दिला तो सूर त्याने बिचाऱ्याने इमानाने धरला होता.

मग त्या छोट्या पडद्याकडे बघत तो म्हणाला, “भाऊ, मी माइकमध्ये ओरडलो ना?”

“ओरडलास.”

“त्याला मीच सांगतो. तुम्ही नका सांगू. आज नाय जमणार, पण सांगतो.”

ते ‘आज नाय’ किती वर्षं चाललं असेल? वाहिदने गाणं सोडलं, वाळूजला एका कारखान्यात लागला, त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, तरी चाललंच. बँड त्या आठवड्यातच फुटला होता. आणि मी काही कमी अपराधी नव्हे. वाहिद एकदा टेपरेकॉर्डर दुरुस्तीला घेऊन आला होता. मी सहज म्हणावं तसं म्हणालो, “गाणं चालू आहे का?” तो म्हणाला, “नक्को भाऊ. मेरा गलाच कच्चा निकला.” मी मान खाली घालून स्क्रू पिळत राहिलो. एक वाक्य बोलायचं होतं. ते मी बोललो नाही.

इकडे याने कशीबशी पदवी घेतली, काही वर्षं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात काढली, मग गारखेड्यात एका पिठाच्या गिरणीच्या वरची खोली घेऊन रेकॉर्डिंग सुरू केलं. गिरणीच्या वर स्टुडिओ काढणारा जगात हाच एक असेल. पण भाडं कमी होतं आणि गिरणीवाल्या मावशी समजूतदार होत्या. रेकॉर्डिंग सुरू करायचं की हा खिडकीतून हात दाखवायचा, मावशी गिरणी थांबवायच्या, आणि दळण घेऊन आलेल्या बायका तोंडावर पदर धरून वरचं गाणं ऐकायच्या. गाणं आवडलं नाही तर मावशी वेळेच्या आधीच गिरणी चालू करत. तो म्हणायचा, “एवढा कडक परीक्षक मुंबईला पण नसंल.” आवाज घुमू नये म्हणून चारही भिंतींना आईने दिलेल्या जुन्या वाकळा ठोकल्या होत्या. उन्हाळ्यात आत बसलं की माणूस शिजून निघायचा.

गंगापूरकडचं एक भजनी मंडळ आलं होतं, त्यातल्या बुवांना हेडफोनच चालेना. “कान झाकल्यावर देवाला काय ऐकू जाईल?” असं त्यांचं म्हणणं. याने वाद घातला नाही. सगळं मंडळ जमिनीवर गोल बसवलं, मध्ये एक माइक टांगला आणि आपण त्यांच्यात मांडी घालून बसला. ती सवय त्याला होतीच. बुवा खुलले. फक्त एका अभंगाच्या शेवटी याने गुपचूप रॉकमधला ऑर्गन सोडला, तेव्हा बुवांनी विचारलं, “हे काय वाजलं रं मधीच?” हा म्हणाला, “वारं आलं, बुवा.” ते वारं त्यांना एवढं आवडलं की पुढच्या सगळ्या अभंगांत घालायला लावलं.

असं त्याचं नाव झालं. पैगंबरांच्या स्तुतीची ‘नात’ गाणारे आले, भीमगीतं गाणारे आले, शाळेच्या बाया कविता घेऊन आल्या. एकालाही त्याने कधी बेसूर म्हटलं नाही. आधी स्वतःचं बटण तपासायचा. बघणाऱ्याला ती लकब वाटे. मला दर वेळी ते मैदान आठवायचं.

एका रविवारी दुपारी मी त्याच्याकडे हेडफोनची वायर जोडत बसलो होतो. जिन्यावर पावलं वाजली आणि वाहिद आत आला. सोबत दहा-अकरा वर्षांची मुलगी. शाळेच्या स्पर्धेसाठी तिचं गाणं रेकॉर्ड करायचं होतं. दोघांनी मिठी मारली, “कित्ता मोटा हो गया रे!” वगैरे झालं. मुलगी गायली. आवाज वर चढताना भरत गेला, आणि खाली मावशींची गिरणी गाणं संपल्यावरही बराच वेळ बंदच राहिली.

“अब्बांनी शिकवलं?” याने विचारलं.

“अब्बा तो गातेच नहीं,” मुलगी म्हणाली.

वाहिद हसला. “बेटा, तेरे अब्बा का सूर एक बार भाग गया. फिर वापस आयाच नहीं.”

याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “वाहिद, तुझा सूर बरोबर होता. माझा कीबोर्ड दोन पट्ट्या वर होता. मी गावी भजनाला वाजवून आलो होतो अन् खाली आणायचं विसरलो. तुझं कायच चुकलं नव्हतं.”

वाहिदने एकच विचारलं, “तेरेकू कब मालूम पडा?”

“दुसऱ्याच दिवशी.”

वाहिदने मुलीचा हात धरला आणि तो जिना उतरून गेला. माझं नाव याने घेतलं नाही. मी तिथेच, दोन हातांवर, वायर हातात घेऊन बसलो होतो. तरीही मी तोंड उघडलं नाही.

तीन महिने काही कळलं नाही. मग एक दिवस स्टुडिओतून याचा फोन आला. “भाऊ, तो आला. दारातच म्हणला, ‘माफ करने नहीं आया. गाना मेरा था, वो लेने आया.’”

त्यानंतर दर साप्ताहिक सुट्टीला वाहिद गारखेड्याला जायचा. आवाज गंजला होता. हा त्याच्याकडून रियाज करून घ्यायचा, चुकलं तर आता स्पष्ट सांगायचा, आणि वाहिद दुप्पट आवाजात भांडायचा. मावशी म्हणायच्या, “गाणं कमी अन् कज्जा जास्त.” पण वर्षाच्या आत स्पर्धेतलं ते गाणं रेकॉर्ड झालं. फक्त कीबोर्ड आणि वाहिद. लोकांनी ते एकमेकांच्या फोनवर पाठवलं आणि फिरत फिरत ते मुंबईला कुणाच्या तरी कानावर पडलं. त्यांनी बसवणाऱ्याला बोलावून घेतलं. सिनेमाच्या मागचं संगीत करायला. वाहिदलाही बोलावलं होतं, पण तो म्हणाला, मुलगी दहावी होऊ दे.

गारखेड्याची खोली आता रिकामी आहे. वाकळा त्याने मावशींना दिल्या. तो टेंपोत बसून गेला तेव्हा मी हात हलवला आणि मग दुकानात येऊन दिवसभर एकही काम धड केलं नाही. मला त्याची फार आठवण येते, हे इथे सरळ लिहून टाकतो.

मागच्या महिन्यात वाहिद दुकानात आला. पहिली पाळी करून, कारखान्याच्याच कपड्यांत. म्हणाला, असंच आलो. मी त्याला स्टूल दिलं. चहा आला. आणि मला ते सहन होईना.

“वाहिद, ते बटण त्याला मीच दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी. मला पहिल्यापासून माहीत होतं.”

तो चहाचा घोट घेत म्हणाला, “हौ. मालूम है, भाऊ. बिगडा हुआ कीबोर्ड और किधर जाता?”

त्याने कप खाली ठेवला. “अब सुनोगे?”

फळीवर तपासायला लावलेले तीन रेडिओ बोलत होते. मी एकेक करून तिन्ही बंद केले. वाहिद स्टुलावर बसल्या बसल्याच गायला लागला. शेजारचा झेरॉक्सवाला दारात येऊन उभा राहिला. वरच्या सुराला आवाज जरा फाटला. वाहिद थांबला नाही. हसला, तोच सूर पुन्हा घेतला, आणि या खेपेला तो लागला.