रडगाण्याचा दंड

माझ्या ताईच्या नवऱ्याचं आणि माझं कधीच पटलं नाही, आणि त्यात माझी काही चूक आहे असं मला आजही वाटत नाही. त्यांना मी भावजी म्हणते, कारण काहीतरी म्हणावं लागतं. सासुरवाडीला पहिल्यांदा चहाला आले तेव्हा कप तोंडाला लावायच्या आधी त्यांनी आमच्या बाबांना विचारलं, दाराची कडी अशी सैल का. बाबा बिचारे उठून कडी बघायला गेले. ताई हसली. मी नाही हसले.

भावजी बसमध्ये चेकर होते. गर्दीतून वाट काढत विनातिकीट माणूस नेमका हुडकायचा, त्याची कारणं शांतपणे ऐकून घ्यायची आणि मग पावती फाडायची, हे त्यांनी आयुष्यभर केलं. आई आजारी आहे, पाकीट मारलं गेलं, नोकरी गेली, सगळं त्यांनी ऐकलं होतं. घरी येऊन ते प्रवाशांच्या रडण्याच्या नकला करायचे. इतक्या हुबेहूब, की शेजारीपाजारी ऐकायला जमायचे. ताई पोळी लाटता लाटता हसायची आणि म्हणायची, पुरे हो, पाप लागेल.

अशा माणसाला निवृत्तीनंतर देवळात बसवा, बागेत बसवा, तो दंडच करत बसणार. जित्याची खोड. तशात आमच्या पेठेतल्या सेवा क्लबानं त्यांना सभासद करून घेतलं आणि आगीत तेल पडलं.

या क्लबाचं चहापाण्याचं काम माझ्याकडे आहे, म्हणून मला सगळं आतून माहीत. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचा हॉल. दर शनिवारी संध्याकाळी सभासद जमतात. कोटाला बिल्ला लावतात, एकमेकांचे हात जोरजोरात हलवतात आणि तासभर एकमेकांना मित्र म्हणतात. मित्र म्हणजे काय, तर दाताचे डॉक्टर, जे अध्यक्ष आहेत, एक रंगाचे दुकानदार, एक बिल्डर, आणि असेच बाकीचे, ज्यांचं दुकान किंवा दवाखाना बरा चालतो. भावजी त्यांच्यात एकटेच पगारी नोकरीतून आलेले. त्यांना घेतलं ते त्यांच्या जिभेसाठी.

क्लबात एक लाल डबा आहे. झाकणाला फट पाडलेला. कोणी उशिरा आला, बिल्ला विसरला, मध्येच फोन वाजला, की दंड. दंड करायचं काम भावजींकडे, म्हणून त्यांना सगळे दंडमास्तर म्हणतात. मास्तर नाव पुकारणार, तो माणूस हसत उठून नोट डब्यात टाकणार, मास्तर टेबलावरची घंटी वाजवणार, आणि घंटी वाजली की सगळ्यांनी मिळून तीन टाळ्या. ठाक, ठाक, ठाक. डब्यातून आणि रस्त्यावरच्या वर्गणीतून जे जमतं त्यातून खाली छापखान्यामागच्या खोलीत आजारी माणसांसाठी सामान घेतलेलं आहे. चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, दवाखान्यात असतात तशा हँडल फिरवून डोकं वर करायच्या खाटा. ज्याला लागेल त्यानं फुकट न्यायचं आणि गरज संपली की परत आणायचं. काम चांगलं आहे. मी कशाला नाही म्हणू?

आणि भावजी त्यात पुढे होते, हेही खरं. बाजाराच्या तोंडाशी ते डबा घेऊन उभे राहिले की माणूस रस्ता बदलायचा, पण भावजी त्या रस्त्यालाही असायचेच. लोक पुण्यासाठी देत नव्हते, सुटका व्हावी म्हणून देत होते. सामान कोणाच्या घरी पोचलं की चार सभासद बॅनर घेऊन तिथे जायचे आणि आजारी माणसासोबत फोटो काढायचे. हीसुद्धा भावजींचीच कल्पना. फोटो बघितला की देणारा पुन्हा देतो, असं ते म्हणायचे. आजाऱ्याला फोटो हवाय का, हे विचारायची पद्धत नव्हती.

सगळ्यात वाईट नियमही त्यांचाच. क्लबात कोणी स्वतःचं दुखणं सांगायचं नाही. धंदा बसला, गुडघे दुखतात, सून बोलत नाही, असं काही तोंडातून निघालं की रडगाण्याचा दंड. आपण इथे दुसऱ्याचं दुःख हलकं करायला जमतो, आपलं वाटायला नाही, असं भावजींनी भाषण ठोकलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. दर शनिवारी शेवटी ते स्वतःच उभे राहायचे, स्वतःच्या नावानं नोट टाकायचे आणि बसमधल्या प्रवाशाच्या आवाजात रडगाणं गायचे. नवा बूट चावतो हो. बायको साखर कमी घालते हो. हॉल हसून हसून लोळायचा. मी कोपऱ्यात कप विसळत ऐकायची आणि मनात म्हणायची, हसा लेको.

मग ताईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला.

दवाखान्यातून घरी आणली ती त्यांच्या जुन्या लाकडी पलंगावर, मधे खड्डा पडलेल्या कापसाच्या गादीवर. मी सकाळी जायची, दुपारी जायची. भावजी तिचं सगळं करत होते, नाही असं नाही. पण पलंग इतका ठेंगणा की तिला कुशीवर वळवताना त्यांची कंबर धरायची, मग ते वळवायला उशीर करायचे, आणि एके दिवशी मी तिचा झगा वर केला तर माकडहाडापाशी कातडी गेलेली. आतलं लाल दिसत होतं. ताईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि आवाज येत नव्हता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन भावजींना म्हटलं, क्लबाची खाट आणा. हवेची गादीही आहे तिथे. मी स्वतः बघितलीय, रिकामी पडलीय, माझ्या कपांची पेटी तिच्यावर ठेवलेली असते.

ते म्हणाले, सभासदाचा नंबर शेवटी.

हा नियम मला माहीत होता. त्या बिल्डरानं मागे वडिलांसाठी न विचारता खाट उचलून नेली होती. भावजींनी त्याला भर सभेत उभं करून दंड केला आणि नियम करून घेतला, की सभासदाला काही हवं असेल तर त्यानं सगळ्यांसमोर मागायचं, आणि बाहेरचा कोणी गरजू नसेल तरच मिळेल. तेव्हा मलाही ते पटलं होतं. लोकांच्या खिशातून आणलेलं आधी आपल्याच घरात घालायचं नाही, यात चूक काय? पण आता बाहेरचा गरजू कोणी नव्हता. उरलं होतं ते फक्त मागणं.

"मी मागितलं की तो बिल्डर हसेल," भावजी म्हणाले.

"हसू दे. त्याचे दात दिसतील, दुसरं काय होणार?"

क्लबातून ताईसाठी फुलं आली होती, छापील कार्डासकट. दर शनिवारी कोणीतरी विचारायचं, वहिनी कशा आहेत, आणि हे म्हणायचे, झकास. खरं सांगितलं तर रडगाणं झालं असतं ना! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गावभर खाटा पोचवणाऱ्याच्या घरात बायकोची पाठ सडत होती.

मी त्यांना सरळ सांगितलं, या शनिवारी मागा. नाही मागितलीत तर रविवारी ताईला मी माझ्या घरी नेते आणि तुम्ही तुमचा डबा कुरवाळत बसा. माझं घर दोन खोल्यांचं, पण मी बोलले म्हणजे करते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचा चेहरा पडला. मला जरा बरं वाटलं.

शनिवारी हॉल भरला होता. नेहमीसारखे दंड झाले. रंगवाल्यांनी बिल्ला उलटा लावला होता, त्यांना दंड. कोणाचा तरी फोन वाजला, दंड. ठाक, ठाक, ठाक. मी किटली हातात धरून भिंतीशी उभी होते आणि भावजींकडे बघत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. बोलतात की नाही, या विचारानं किटलीचा चटका बसलेलाही मला कळला नाही.

शेवटी ते उठले. खिशातून नोट काढली आणि डब्यात टाकली. घंटी वाजवली. दंड आधी भरला की मग बोलायला हरकत नाही, असा त्यांचा हिशेब असणार. चेकरच तो. तिकीट काढल्याशिवाय बसायचं कसं?

"माझी बायको पडून आहे," ते म्हणाले. "तिच्या पाठीला जखमा झाल्यात. मला खाट पाहिजे."

आवाज कापत होता. बसमधल्या प्रवाशाचा कापायचा तसाच.

आणि हॉल हसला. अध्यक्ष मान मागे टाकून हसले. घंटी वाजलेली होतीच, तीन टाळ्या पडल्या. ठाक, ठाक, ठाक. मी भावजींच्या हातांकडे बघत होते. तेही वर गेले. स्वतःच्या दंडाला त्यांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या, तीन, बरोबर तालावर. मग ते खाली बसले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू म्हणत होते, मागितली, झालं?

मी किटली खाली ठेवली. टेबलापाशी गेले आणि घंटी वाजवली. हॉल परत हसायच्या बेतात होता, पण माझं तोंड बघून थांबला.

"टाळी वाजवू नका," मी म्हटलं. "हे नाटक नाही. माझ्या बहिणीच्या पाठीची कातडी सोलून निघालीय. खाट खाली आहे, रिकामी आहे, आणि त्या खोलीची किल्ली यांच्याच खिशात आहे."

खुर्च्या करकरल्या. अध्यक्ष उभे राहिले, त्यांचा चेहरा उतरला होता. "अहो मास्तर, आधी सांगायचं ना. आपल्याच माणसात कसला संकोच?"

"आधी सांगितलं असतं तर दंड झाला असता," मी म्हटलं.

बिल्डर तेवढा मघाशीही हसला नव्हता, हे मी बघितलं होतं. तो मान खाली घालून बसला होता. भावजींना मात्र ते दिसलं नाही, ते डब्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोतून खाट आली. हमालांनी ती आत आणून जोडली, गादीत हवा भरली. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात दारात अध्यक्ष, रंगवाले आणि आणखी काही सभासद. बिल्डर आला नव्हता. रंगवाल्यांच्या काखेत बॅनर होता, गुंडाळलेला.

"फक्त एक फोटो," अध्यक्ष म्हणाले. "तुमचीच पद्धत आहे मास्तर. वहिनींना त्रास नाही देणार."

मी पुढे होणार होते. पण भावजी आत गेले आणि डबा घेऊन आले. तो ते शनिवारी घरी आणायचे, सोमवारी बँकेत न्यायचा असायचा. ते दारात आडवे उभे राहिले, बसच्या पायरीवर उभे राहायचे तसे.

"काल टाळ्या वाजवल्यात," ते म्हणाले. "त्याचा दंड. प्रत्येकी."

रंगवाले हसले. हसताना त्यांनी अध्यक्षांकडे बघितलं, अध्यक्ष हसत नव्हते, मग त्यांचं हसू कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. एकेकानं खिसा चाचपला. नोटा पडल्या. घंटी नव्हती, त्यामुळे कोणाच्याच हातांना काही काम नव्हतं.

"आता या," भावजी म्हणाले. पायरी उतरायची, असा त्याचा अर्थ होता.

ते वळणार तोच मी त्यांच्या हातातून डबा घेतला आणि त्यांच्याच पुढे धरला.

"भावजी, तुम्हीही वाजवल्यात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर लोकांची कारणं ऐकलेला माणूस, त्यांच्याकडे एक तरी कारण असेल असं मला वाटलं. नव्हतं. त्यांनी पाकीट काढलं आणि नोट टाकली. मी दार लावून घेतलं.

मग आम्ही दोघांनी चादरीला धरून ताईला खाटेवर घेतलं. उंची नेमकी होती, त्यांना वाकावं लागलं नाही. मी हँडल फिरवलं. तिचं डोकं हळूहळू वर आलं आणि आजारपणात पहिल्यांदाच तिला खिडकीतून रस्ता दिसला. तिथे ती माणसं टेम्पोत बॅनर ठेवत होती. ताई बराच वेळ बघत राहिली.

भावजींनी तिच्या डाव्या हातावर आपला हात ठेवला. ताईनं तो हात खालून काढून घेतला आणि खाटेच्या कठड्याला धरला. ते तसेच उभे राहिले. मी मलमाची डबी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, आधी पाठ पुसा, मग लावा.