इसाकभाईंचं नाक

पेठ रोडवरचे इसाक मिस्त्री अत्तराचे भलते शौकीन. पण लावतात फक्त शुक्रवारी, गॅरेज बंद असतं तेव्हा. असं का, ते मला परवा कळलं.

माझ्या जुन्या मोटरसायकलीचं इंजिन ऑइल कमी व्हायचं सोडून महिनाभर वाढतच होतं. मी आपला खूश होऊन गल्लीभर सांगत सुटलो! मग गाडी धूर ओकू लागली. मुलगा म्हणाला, "इंजिन गेलं बाबा, भंगारात द्या." मी गाडी ढकलत थेट इसाकभाईंकडे नेली. दर सोमवारी मला त्र्यंबकला तीच तर नेते!

इसाकभाईंनी गाडी चालूसुद्धा केली नाही. ऑइल मोजायची पट्टी काढून नाकाशी धरली.

"बाबा, पाझर विहिरीला फुटतो, इंजिनाला नाय. यात पेट्रोल उतरलंय. गाडी लावल्यावर टाकीचा कॉक बंद करता का?"

"आजवर कधीच नाही!"

"मग बरोबर. कार्बोरेटरची सुई झिजलीय, उभ्या गाडीत पेट्रोल खाली झिरपतंय."

"म्हणजे इंजिन खोलणार?"

"कशाला? सुई बदलू, ऑइल बदलू. हे नाक शाबूत राहावं म्हणून तर कामाच्या दिवशी अत्तर लावत नाय!"

सोमवारी त्र्यंबकला पोचलो, आधी कॉक बंद केला, मग चपला काढल्या.